आई, चहा दे

आमच्या समितीत मी कडक म्हणून प्रसिद्ध आहे. जर्मनीतल्या आमच्या राज्यातल्या बेसबॉल क्लबांची भांडणं आमच्यासमोर येतात: पंचाला शिवीगाळ, वय चोरून लहान गटात खेळवलेला मुलगा, आतून पोखरून हलकी केलेली बॅट, असले प्रकार. समितीवर आम्ही तिघं आहोत, एक वकील, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. मध्यंतरी अमेरिकेतल्या एका मोठ्या व्यावसायिक संघाची लबाडी बाहेर आली. समोरच्या संघाच्या खुणा कॅमेऱ्यातून बघायच्या आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या बॅटरला कळवायचं, असा त्यांचा उद्योग चालला होता. शिक्षा झाली ती वरच्या साहेबलोकांना. खेळाडूंनी खरं सांगायचं कबूल केलं म्हणून त्यांना सूट मिळाली. बैठकीनंतर कॉफी पिताना वकिलाने मला विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? मी म्हणाले, विजेतेपद काढून घेतलं असतं आणि ज्याने ज्याने तो डबा ऐकला त्याला वर्षभर घरी बसवलं असतं. "ऐकणाऱ्यालासुद्धा?" त्याने विचारलं. "आणि बडवणाऱ्याला दोन वर्षं," मी म्हणाले. तो हसला आणि तुमच्यापुढे उभं राहायची वेळ कोणावर न येवो म्हणाला. मला काही हसू आलं नाही. बडवणाऱ्यांच्या जातीतली मी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. फक्त आमच्याकडे डबा नव्हता, चहा होता.

मी शाळेत असताना आम्ही स्टुटगार्टजवळच्या ब्योबलिंगेनला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा मोटारींच्या कारखान्यात गिअरबॉक्सचं काम बघायचे आणि जेवताना तोंडात घास असला की नुसतं "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून आमच्या सगळ्या बोलण्याला मान डोलवायचे. आईचं जर्मन खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईपुरतं होतं. या बाईच्या कानाचा घरातल्या सगळ्यांना धाक होता. रविवारी मिक्सर लावायचा नाही, दुपारी एक ते तीन खुर्ची ओढायची नाही, असे तिचे नियम. म्हणून रविवारच्या वड्यांची चटणी शनिवारीच वाटून व्हायची आणि घरभर लसणाचा वास भरून राहायचा. माझा भाऊ शेखर, आमचा दादा, तळघरात सायकलींच्या मधे उभा राहून टॉवेल गुंडाळलेली बॅट फिरवायचा. त्याच्या त्या हूं हूं आवाजाबद्दल बाईने एकदाही तक्रार केली नाही. उलट जिन्यात भेटली की त्याला चॉकलेट द्यायची. दादा होताच तसा. माझ्या वाट्याला जिना नीट पुसला नसल्याची बोलणी यायची.

रविवार म्हणजे मेश्रामकाका. ते नागपूरचे, स्टुटगार्टच्या एका संस्थेत धातूंवर संशोधन करायचे आणि एकटेच राहायचे. त्या काळी आसपास मराठी बोलणारी माणसं मोजून दोन घरांत, एक आमचं आणि एक त्यांचं. चार वर्षं दर रविवारी ते रेल्वेने यायचे, येताना कधी सफरचंदं, कधी बेकरीतला केक आणायचे, आईच्या हातचं वरण भुरके मारत जेवायचे आणि मग टेबल पुसून माझी गणिताची वही पुढे ओढायचे. "मनू बेटा, उत्तर बरोबर आहे, पण तू इथवर आली कशी ते लिहिलंच नाहीस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रस्ता दाखवल्याशिवाय नुसत्या उत्तराला ते किंमत देत नसत. मला त्याचा कंटाळा यायचा, कारण मला उत्तरं पटकन दिसायची आणि तेवढ्यावर शाबासकी हवी असायची. आमच्या घरात जात हा विषय कधी निघत नसे, आणि मी मोठी होईपर्यंत याला चांगुलपणा समजत होते. ज्यांना त्याचे चटके बसत नाहीत त्यांच्या घरात तो निघत नाहीच.

बेसबॉल दादाने अमेरिकन सैनिकांच्या मुलांकडून उचलला. गावाबाहेर शेताच्या कडेला क्लबचं मैदान होतं, पलीकडून आउटोबानचा, म्हणजे महामार्गाचा, घूंघूं आवाज अखंड यायचा आणि त्यात मधूनच बॅटचा खण्ण. घरटी एक माणूस पाळीपाळीने खाण्याच्या टपरीवर ड्यूटी करायचा. बाकीच्या आया बटाट्याचं सॅलड आणि केक आणायच्या; आईने एकदा बटाटेवडे केले आणि त्यानंतर क्लबने तिला टपरीवरून उठूच दिलं नाही. शेजारीच एका छत्रीखाली गुणलेखकाचं टेबल होतं. त्या टेबलावर मी बसायचे. गुणलेखनाची परीक्षा मी सतराव्या वर्षी पास झाले होते आणि क्लबमधली सर्वांत लहान परवानाधारक म्हणून माझा फोटो क्लबच्या फळ्यावर लागला होता. गुणलेखक कोणाच्याच बाजूचा नसतो. सामना संपला की कागदावर शेवटची सही त्याची असते.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी एवढंच सांगते की बेसबॉलमध्ये कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, उकिडवा बसून दोन मांड्यांच्या मधे बोटांनी पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, खूण करतो. एक बोट म्हणजे जोरात, दोन बोटं म्हणजे हळू आणि वळणारा. बॅटरला पाठीमागचं दिसत नाही. ते दिसलं असतं तर खेळच संपला असता, कारण कुठला चेंडू येतोय हे कळणं म्हणजे पेपर आधी हातात मिळणं. मैदानातल्या एखाद्या धावणाऱ्याने नुसत्या डोळ्यांनी ती खूण हेरली तर त्याला हुशार म्हणतात. बाहेरच्याने हेरून सांगितली तर ती चोरी. माझं टेबल अशा कोनात होतं की ज्या कॅचरला गुडघा फाकून बसायची सवय असेल त्याची बोटं मला स्वच्छ दिसायची. मला उत्तरं पटकन दिसायची हे मी आधी सांगितलंच.

युक्ती माझी. "आई, पाणी दे" म्हटलं की जोरातला चेंडू आणि "आई, चहा दे" म्हटलं की वळणारा. मुलगी शेजारच्या टपरीतल्या आईकडे आपल्या भाषेत काही मागतेय, यात कोणाला काय वावगं वाटणार? मी दादाला सांगितलं तेव्हा तो तळघरात बॅट टेकून खो खो हसला आणि आपण नुसतं बघू तर खरं म्हणाला. पुढच्या सामन्यात त्याने तीनदा चेंडू कुंपणापर्यंत नेला. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. लेकीला इतकी तहान लागते म्हणून ती बिचारी खरंच दर वेळी थर्मासमधून आल्याचा चहा ओतून आणून ठेवायची. मी प्यायचे नाही, कारण माझे डोळे कॅचरच्या बोटांवर असायचे. टेबलावर गार चहाचे कप जमत जायचे आणि त्यांच्यावर साय धरायची. इतका ढळढळीत पुरावा समोर मांडून चोरी करणारी माझ्यासारखी शहाणी मी नंतर समितीवरही पाहिलेली नाही.

मग तो माणूस येणार असं कळलं. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक क्लबसाठी तो युरोपातून मुलं हेरायचा. दादा एकोणीस वर्षांचा होता. त्याला करार मिळाला तर तो तिकडे जाऊन खेळून पोट भरणार होता, नाही तर बाबांच्या ओळखीने कारखान्यात शिकाऊ म्हणून लागणार होता. याहून वेगळं तिसरं काही त्याच्यापुढे नव्हतं आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं. आदल्या दिवशी तो माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसला. "मनू, उद्या चहापाणी नको हं," तो म्हणाला. "का?" "मला जमतं की नाही ते मलापण बघायचंय. तेव्हा नको म्हणजे नको." मी बरं म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले होते, हे मी आज कोणालाही शपथेवर सांगेन.

सामन्याला बाबा कोट घालून आले. मेश्रामकाकाही आले, कारण आईने त्यांना जेवणाऐवजी मैदानावरच वडे खायला बोलावलं होतं. ते आमच्या मागच्या बाकावर बसून बाबांना दर पाच मिनिटांनी यात ओव्हर किती असतात असं विचारत होते. तो अमेरिकन गृहस्थ टोपी डोळ्यांवर ओढून एकटा उभा होता. दादा पहिल्यांदा आला आणि तीन चेंडू हुकून परत गेला. दुसऱ्यांदाही तेच झालं. त्या माणसाने वही मिटून खिशात घातलेली मी पाहिली. बाबांनी कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं. तिसऱ्यांदा दादा उभा राहिला तेव्हा त्याच्या मानेमागे घाम चमकत होता आणि समोरच्या कॅचरचा गुडघा असा सताड उघडा होता की न बघायला मला डोळे मिटावे लागले असते. मी ते मिटले नाहीत. "आई, पाणी दे," मी म्हणाले.

दादाने बॅट खाली घेतली. पंचाकडे हात करून तो बाजूला झाला, बुटाने माती सारखी केली आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "मनू, बास." आवाज मोठा नव्हता, पण मला ऐकू आला. मागच्या बाकावरही ऐकू गेला. तो परत उभा राहिला आणि कॅचरची दोन बोटं खाली आली. मी म्हणाले, "आई, चहा दे." माणूस आपल्या आईची भाषा ऐकून न ऐकल्यासारखी करू शकत नाही. दादाने वळणाऱ्या चेंडूची वाट पाहिली, तो आलाच, आणि कुंपण, त्यामागची पायवाट आणि मक्याची पहिली रांग ओलांडून तो चेंडू दिसेनासा झाला. सगळे उठून ओरडत होते. दादा मान खाली घालून चारही बेस पळाला. खरं सांगते, त्या क्षणी मी आनंदाने रडत होते.

समोरचा प्रशिक्षक धावला नाही, ओरडला नाही. तो चालत पंचाकडे गेला आणि माझ्या टेबलाकडे बोट केलं. ही मुलगी दर चेंडूआधी काहीतरी बोलते, आमच्या मागच्या सामन्यातही बोलायची, काय बोलते ते विचारा. पंच आला. मी आईकडे चहा मागत होते, असं सांगितलं. त्याने टेबलावरचे कप बघितले. सात होते, काठोकाठ भरलेले. त्याने मान वर करून विचारलं, इथे कोणाला ही भाषा येते का, घरच्यांखेरीज? आणि मेश्रामकाका वडा हातात घेऊन उभे राहिले. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी काय ऐकलं ते पंचाने विचारलं, आणि काकांना जे आठवायचं ते सगळं क्रमाने आठवायचं. "वासर," ते म्हणाले, म्हणजे पाणी. "मग चहा. त्याआधी, दोन खेळाडूंपूर्वी, चहा, चहा, पाणी." दादाच्या आधीच्यांच्या वेळीही मी सवयीने बोलत गेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. समोरचा कॅचर मुखवटा काढून ऐकत होता. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसली; तो आपल्या बोटांचा क्रम मनात जुळवून बघत होता. काका बोलता बोलता थांबले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्यांना उत्तर कळलं, पण तोवर त्यांनी सगळा रस्ता लिहून दिला होता. अमेरिकन गृहस्थ त्याआधीच गाडीकडे निघाला होता.

पंधरा दिवसांनी समितीसमोर बोलावणं आलं. एका उपाहारगृहाच्या वरची खोली, लांब टेबल, तीन माणसं. आज मी बसते तशाच खोलीत तशाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. मी मनात वाक्य जुळवत होते: कल्पना माझी, त्याने नको म्हटलं होतं. वाक्य छोटं होतं. मी तोंड उघडायच्या आत दादा उभा राहिला आणि म्हणाला, "मीच तिला करायला लावलं. ती लहान आहे, तिला कळत नव्हतं." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. असंच झालं का? मी मान हलवली. होय अशी.

मग काकांना विचारलं. ते पांढरा शर्ट घालून आले होते. त्या दिवशी बॅटर स्वतः काही बोलला होता असं समोरच्या कॅचरचं म्हणणं होतं, काय बोलला? काका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही, गणितात मी अडले की जसे थांबायचे तसे थांबले होते, माझी पायरी मी लिहावी म्हणून. खालून बशा आपटल्याचा आवाज येत होता. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होते. दादा हळूच मराठीत म्हणाला, "काका, राहू द्या." काकांनी चष्मा काढला, पुसला आणि जर्मनमध्ये म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही." चार वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं.

दादाला एक वर्षाची बंदी झाली. मला समज देण्यात आली, परवानासुद्धा राहिला. त्या समितीवर माझा राग नाही. कागदावर जे होतं त्यावरून त्यांनी शिक्षा दिली आणि कागद आम्ही तिघांनी मिळून बिघडवला होता. करार अर्थातच आला नाही. दादा सप्टेंबरात शिकाऊ म्हणून लागला. आज स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात त्याचं छान घर आहे, नातवंडांना तो चेंडू टाकतो, आणि या गोष्टीचा त्याने मला आजवर एका शब्दाने टोमणा मारलेला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

सुनावणीहून परतताना गाडीत आई म्हणाली, "चार वर्षं घरच्यासारखं जेवू घातलं. शेवटी जात दाखवलीच ना." बाबा गाडी चालवत राहिले. दादा म्हणाला, "आई, हे पुन्हा बोलायचं नाही," आणि खिडकीकडे तोंड केलं. आई वाईट बाई नव्हती. मुलाचं नुकसान झालेल्या बाईला कोणावर तरी ते टाकायचं होतं आणि ते शब्द तिला हाताशी तयार सापडले, कुठून ते तिलाही सांगता आलं नसतं. खरं सांगून ते खाली ठेवायला लावू शकेल अशी एकच व्यक्ती त्या गाडीत होती, मी. मागच्या सीटवर बसून मला फक्त एवढंच वाटलं की आपल्यावर नाव आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझी मला किळस येते, पण वाटलं ते सुटल्यासारखंच. त्यानंतरच्या रविवारी काकांसाठी ताट मांडलं नाही. कोणी फोन केला नाही, त्यांचा आला तेव्हा बाबांनी कामं फार आहेत म्हणून सांगितलं.

दिवाळीच्या आदल्या दुपारी आई चकल्या तळत होती आणि मी सोऱ्या दाबत होते. खालची बेल वाजली. हात पिठाचे होते म्हणून मी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं. "मनू बेटा?" काकांचा आवाज आला, मागे रस्त्यावरच्या बसचा आवाज. "मी आहे. थोडं फराळाचं आणलंय. शेखरला भेटावं म्हटलं." आई स्वयंपाकघरात होती, तिला तेलाच्या आवाजात काही ऐकू गेलं नव्हतं. मला कोणी काही शिकवलं नव्हतं, कोणी खूण केली नव्हती. दार उघडायचं बटण स्पीकरच्या शेजारीच होतं. पण ते वर आले असते, समोर बसले असते आणि माझ्याकडे पुन्हा त्या खोलीतल्यासारखं थांबून पाहिलं असतं. मी तोंड स्पीकरजवळ नेलं आणि जर्मनमध्ये म्हणाले, "घरी कोणी नाही." ज्या माणसाशी मी जन्मात मराठीखेरीज बोलले नव्हते त्याच्याशी, एखाद्या परक्या बाईच्या आवाजात. आमच्या खिडकीतून चकल्यांचा वास खाली रस्त्यापर्यंत जात असणार. मग काकाही जर्मनमध्येच बोलले, हळू, नीट शब्द लावून. "माफ करा. माझ्याकडून चुकीची बेल दाबली गेली."

"कोण होतं गं?" आईने आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले. "चुकून दाबली कोणीतरी."